नागपुरात दारू सोडण्यासाठी मीटिंग कशी सापडली? आपापले अनुभव लिहा

ओळखीतल्या एका ताईंनी परवा विचारलं, "आमच्याकडले बंद करतो म्हणतात, पण न्यायचं कुठं?" एकट्या माझ्या सांगण्यानं त्यांचं भागणार नाही, म्हणून हा धागा. नाव लिहू नका. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं ऐकलेलं तिथंच ठेवा. पत्ता कसा मिळाला, आत काय झालं, कशामुळे टिकलात, एवढं आपलं आपलं लिहा.

मानेवाडा

मला नंबर डॉक्टरांनी दिला, ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा. दारू सोडू पाहणारी माणसं तिथं एकत्र बसून एकमेकांना आधार देतात. फोन उचलणाऱ्या भाऊंनी नाव विचारलं नाही. "रोज घेता का? सकाळी हात थरथरतात का?" एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "मग औषध डॉक्टरांच्या सांगण्यानंच. आपल्या मनानं एकदम तोडू नका. मीटिंगला मात्र आजच या."

शाळेची वर्गखोली होती. भिंतीवर पाढे, खाली लहान मुलांचे बाक, त्यावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. चहा वाटणाऱ्या काकांनी सगळ्यांचे कप भरले, माझा अर्धाच भरला. मनाला लागलं. थोड्या वेळानं तेच काका परत आले आणि उरलेला अर्धा ओतून गेले. हात थरथरणाऱ्या नव्या माणसाला ते नेहमी असाच दोनदा देतात, म्हणजे चारचौघांत सांडत नाही. त्या संध्याकाळी कोण काय बोललं ते मला फारसं आठवत नाही. पुढच्या वेळी गेलो तो त्या काकांसाठी. आता चहा मी वाटतो.

मेडिकल चौकाजवळून, नर्स

वरच्या भाऊंना फोनवर मिळालेला सल्ला लाखमोलाचा आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली की काही तासांतच घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि यात जीवही जातो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली आणि वेळ घालवतात. कृपा करून दवाखान्यात आणा. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या, मानसोपचार विभागात दाखवता येतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे लागत नाहीत. शरीर सावरलं की मीटिंग. दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

पारडी, ऑटो चालवतो

मले वाटे तिथं सारे शिकलेले लोक असतीन, इंग्रजीत बोलतीन. तसं काही नाही बावा. हिंदी, मराठी, ज्याले जे जमते ते बोलते. नाही बोललं तरी चालते. फी नाही. शेवटी थैली फिरते, नवीन माणसाले टाकाची गरज नाही. सवारी सोडून जमन त्या मीटिंगले जाऊन राह्यलो.

त्रिमूर्तीनगर, बायकोच्या बाजूनं

माझे मिस्टर यायला तयार नव्हते, म्हणून मीच गेले. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते, १९५१ पासून आहे ही संघटना. तिथं पहिल्यांदा ऐकलं की हे पिणं मी सुरू केलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही आणि बरं करणंही माझ्या हातात नाही. सासरी मला नेमकं उलटं ऐकवलं जायचं.

फरक कशात पडला सांगते. कूलरच्या मागं, तांदळाच्या डब्यात क्वार्टर शोधणं मी सोडलं. त्यांच्या साहेबांना "ताप आहे" सांगायचा फोन बंद केला, ज्याचा त्यानं करावा. घरात आधी फार आदळआपट झाली, तेव्हा अल-अॅनॉनमधल्या एक मावशी रोज रात्री फोन करायच्या. मिस्टर पुढं ए. ए.ला गेले. ते गेले नसते तरी मी जातच राहिले असते, हे बायांनी लक्षात घ्यावं.

धरमपेठ

मी स्वतः पिणारी बाई आहे. पहिल्या मीटिंगला खोलीत मी एकटीच बाई, दारातूनच परत फिरावंसं वाटलं. एका दादांनी बायकांच्या ऑनलाइन मीटिंगची माहिती दिली, आधी तिथं बोलायला लागले. आता दोन्हीकडे जाते. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. त्यात पुरुष-बाई असं कुठं लिहिलेलं नाही.

सेलू, जिल्हा वर्धा

आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, तरी मला मिळत होती. मीटिंगसाठी नागपूरला येतो, गावात कुणी पाहिलं नाही म्हणजे बरं वाटतं. पोळ्याच्या करीचा दिवस सगळ्यात कठीण. सकाळपासून मित्रांचे फोन. त्या दिवशी मी आधीच स्पॉन्सरला, म्हणजे ए. ए.मधल्या मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सोबत्याला, सांगून ठेवतो आणि दिवसभर नागपुरातच थांबतो. "फक्त आजचा दिवस" हे करीच्या दिवशी खरं कामात येतं. ए. ए.च्या पायऱ्यांत देवाचं नाव येतं, पण मी देव मानत नाही. "आपल्याला समजेल तसा" एवढीच तिथं अपेक्षा आहे, मला ग्रुप पुरतो.

कामठी

मोठा भाऊ येतो म्हणतो, पण एकटा आत जाणार नाही. मी पीत नाही. मला सोबत बसू देतील का?

धागा सुरू करणारा

खुली मीटिंग असेल तर बसू देतात, बंद मीटिंग फक्त पिणं थांबवू पाहणाऱ्यांची. ए. ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार यादी आहे, पण निघण्याआधी फोन करून खुली कोणती ते विचारा. जागा शाळेची असेल तर परीक्षेच्या दिवसांत बदलू शकते. नवीन माणूस येतोय सांगितलं तर कुणीतरी फाटकापाशी उभं राहील. दादांचं मन बदलायच्या आत, जमलं तर आजचीच गाठा.