मदत हवी आहे: पुणे–जुन्नर–सिन्नर–नाशिक, तीन दिवस, लेणी-देवळं आणि वाइनच्या बागा, सोबत दोन ज्येष्ठ

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून तीन दिवस निघायचं ठरतंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, नणंद, तिचा १९ वर्षांचा मुलगा, माझी आई (७१) आणि सासरे (७६, आम्ही सगळे अण्णा म्हणतो). खरं तर ही सहल आई आणि अण्णांसाठीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईने बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सातवाहन, यादव, पेशवाई सगळं फळ्यावर शिकवलं, पण नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख किंवा सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर मंदिर तिने स्वतः अजून पाहिलेलं नाही. अण्णा तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. पस्तीस वर्षं बाग केली, आता आमच्याकडे कोथरूडला असतात. मंडईत गेले की द्राक्षाचा घड देठाला धरून उचलतात, फिरवून बघतात, एका मण्यावरून अंगठा फिरवतात आणि बाग कुठली असेल ते सांगतात. माळकरी आहेत, त्यामुळे वाइन चाखण्याचा प्रश्नच नाही. पण वाइनच्या द्राक्षाची बाग त्यांना बघायचीच आहे. त्यांचं म्हणणं असं, "मणी अठरा एमएमचा व्हावा म्हणून आम्ही जन्मभर थिनिंग (मणी विरळ करणं) केलं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) केलं. आणि तिथे बारीक मणी मुद्दाम ठेवतात. तो बागवान काय विचार करून छाटणी घेतो, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय." साल आणि रसाचं प्रमाण, रंग सालीत असतो, हे त्यांनी वाचलंय. त्यांना काडी बघायची आहे, ओलांडा (वेलाची तारेवर आडवी वळवलेली फांदी) बघायचा आहे.

मागच्या वर्षी एका पॅकेजमधून नाशिकला जाऊन आलो. "मार्गदर्शकासह" असं लिहिलेलं होतं. पांडवलेण्यांवर वीस मिनिटं दिली आणि पांडवांनी एका रात्रीत खोदली एवढं सांगून सगळ्यांना खाली आणलं. आई तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात उभी होती. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख तिथेच आहे, आणि शेजारी जरा पुढे, दहाव्या लेण्यात, ज्याचा गौतमीपुत्राने पराभव केला त्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे लेख. हे सगळं तिला पाठ होतं, फक्त डोळ्यांनी बघायला अर्धा तास हवा होता. मग एका वायनरीत, वेलाचं कलम ज्या मुळाच्या झाडावर बांधतात त्या खुंटाबद्दल अण्णांनी विचारलं, "खुंट कोणता वापरता? डॉगरिज का?" तर दाखवणारा मुलगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही ज्यूस घ्या." अण्णा काही बोलले नाहीत. सिन्नर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. ते मला फार लागलं.

म्हणून या वेळी सगळं स्वतः जुळवतेय. डोक्यात आहे ते असं.

पहिला दिवस: सकाळी सहाला निघून नारायणगावला नाश्ता, मग जुन्नर, नाणेघाट, मुक्काम जुन्नरला. नाणेघाटाला गाडी माथ्यापर्यंत जाते, लेण्यापर्यंत थोडं उतरावं लागतं, तेवढं आई हळूहळू करेल. शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्ही तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, शिवनेरीला सात दरवाजे चढायचे. एकच करायचं तर कोणतं? माझा कल लेण्याद्रीकडे आहे, डोली मिळाली तर. सध्या तिथे डोलीवाले रोज असतात का, की आधी सांगावं लागतं?

नारायणगावात वाइनशी ओळख असलेलं कोणी जुनं माणूस भेटेल का, हेही विचारायचं आहे. नाशिकची सुला वायनरी १९९९ची. त्याच्या आधीच, १९८०च्या दशकात, शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शॅतो इंडाज ही वायनरी काढली होती. हे सांगितल्यावर अण्णा एकदम सरसावून बसले. त्या काळात बाग दिलेला कोणी शेतकरी असेल तर त्याच्याशी तासभर गप्पा, एवढंच हवंय. जुन्नरच्या काळ्या जंबो द्राक्षांची बागही वाटेत दिसेलच.

दुसरा दिवस: सिन्नर. गोंदेश्वरला पूर्ण सकाळ ठेवली आहे. भाच्याला गारगोटी संग्रहालय दाखवायचं, त्याला दगडांचं वेड आहे. संध्याकाळी नाशिक.

तिसरा दिवस सकाळी काळाराम मंदिर आणि नारोशंकराचं देऊळ, मग गंगापूर रोड. त्या रस्त्यावर आनंदवल्ली लागतं, राघोबादादा आणि आनंदीबाईंचं. पुढे गंगापूर, जिथे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पुणं सोडून येऊन राहिल्या. शनिवारवाड्यातली एवढी कडू माणसं शेवटी गोदेकाठी एकमेकांच्या इतक्या जवळ, असं आई म्हणते तेव्हा तिचा वर्गातला आवाज परत येतो. तिथे आज काय शिल्लक आहे आणि जागा दाखवू शकेल असा स्थानिक अभ्यासक कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.

वाइनबद्दल: वायनरी एकच बघायची, पण नीट. तोडणी चालू असेल, द्राक्ष उतरवून क्रशरला जाताना बघता येईल आणि बागेत घेऊन जाणारा माणूस बागेतलाच असेल, अशी. आधी फोन केला तर कोणत्या वायनरीत असं जमतं? चाखणारे आम्ही तिघंच. भाचा २१ च्या आत, त्यामुळे तो अण्णांबरोबर बागेत. तारखा २६ जानेवारीला जोडून होत्या, पण तो ड्राय डे, आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची जुन्नरला गर्दी. म्हणून मधला आठवडा धरलाय.

भर, रात्री ९: ज्यांनी गोंदेश्वरसाठी पुण्याहूनच इंडॉलॉजीचा (भारतविद्येचा) विद्यार्थी सोबत न्या असं सुचवलं, त्यांचे मनापासून आभार, हे डोक्यातच आलं नव्हतं. मानधन साधारण किती द्यावं? आणि मग आम्ही सात होऊ, तर दोन गाड्या की एक ट्रॅव्हलर? आईला मागच्या सीटवर घाटात त्रास होतो. गाडीवाल्याला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे.