मंदीतून सावरताना आधी काय येते, ग्राहकांचा खर्च की रोजगार?

अर्थजिज्ञासू: अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी जून २००९ मध्ये संपली असे मानले जाते. बेरोजगारीचा दर मात्र त्यानंतर, ऑक्टोबर २००९ मध्ये, १० टक्क्यांवर पोहोचला आणि गेलेल्या नोकऱ्या भरून निघायला २०१४ उजाडले. तेथील अर्थव्यवस्थेत घरगुती खर्चाचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो. मग लोकांच्या हाताला काम नसताना तो खर्च सावरला कसा?

नीरक्षीर: मंदी संपली याचा अर्थ उत्पादनाची घसरण थांबली एवढाच, ते पूर्वपदावर आले असा नव्हे. मागणी थोडी वाढली म्हणून मालक लगेच भरती करत नाही. आधी आहे त्याच कामगारांना ओव्हरटाइम देतो आणि मागणी टिकेल याची खात्री पटल्यावरच नवी माणसे घेतो. या मधल्या काळात खर्चाला सरकारने टेकू दिला. फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारी खर्च आणि करसवलतींची ७८७ अब्ज डॉलरची योजना आली, आणि बेरोजगार भत्त्याची मुदत पुढे काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली. माझ्या मते सर्वांत उपयोगी ठरला तो भत्ता, कारण ज्याचा पगार बंद झाला आहे तो हाती आलेला पैसा घरभाडे आणि वाणसामानावर त्याच महिन्यात खर्च करतो. सुस्थितीतील कुटुंब करसवलतीचा बराचसा भाग शिल्लक टाकते.

सह्याद्री: यात कर्जाचा मुद्दा जोडायला हवा. घरांच्या किमती कोसळल्यामुळे अनेकांच्या डोक्यावरचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झाले होते, आणि अशी माणसे नोकरी शाबूत असूनही हात आखडता घेतात.

मुक्तछंद: जर्मनीने नोकरी जाऊच नये, अशी व्यवस्था केली. २००९ मध्ये तेथील उत्पादन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. 'कुर्त्सआर्बाइट' या योजनेत कारखाना कामाचे तास कमी करतो आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, मुले असल्यास ६७ टक्के भाग रोजगार विम्यातून मिळतो. त्या वर्षी योजनेतील कामगारांची संख्या १४ लाखांच्या वर गेली होती. पगार पूर्ण थांबला नाही म्हणून घरखर्चही थांबला नाही, आणि निर्यातीच्या ऑर्डरी परतल्या तेव्हा कसबी कामगार जागेवरच होते. अर्थात, हा उपाय मुळात सुदृढ असलेल्या कारखान्यांना लागू पडतो. अमेरिकेत घरबांधणीचा फुगाच फुटला होता. तिथल्या गवंड्याला आणि सुताराला जुनी जागा राखून ठेवण्यापेक्षा नवे काम मिळवून देणे अधिक गरजेचे होते.