१२ वर्षांच्या मुलीसाठी एअर रायफल, बजेट ४० हजार. सल्ला हवा

गारगोटीकर
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे. २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून नेम) ब्राँझ आणलं, तेव्हापासून तिनं रायफलचा ध्यास घेतलाय. सुट्टीत शिबिर केलं, आता रविवारी कोल्हापूरला रेंजवर नेतो. क्लबची रायफल तिला मोठी होते. बट (मागचं टोक) खांद्यात नीट बसत नाही, मान लांब करून साइटला (नेम धरायच्या खाचेला) डोळा लावते. प्रकार १० मीटर. बजेट ४० हजार, वर एक रुपयाही नाही, धाकट्याची फी पण आहे. नवी घेऊ की जुनी? कोणती?

नेमधर
४० हजारात काही होत नाही. जर्मन वॉल्थर एलजी ४०० घ्या. मी मुलासाठी घेतली, आजवर दुरुस्तीला न्यावी लागलेली नाही. कर्ज काढा, पण चांगलीच घ्या. पोरगी पुढं जायची असेल तर उद्या तीच लागणार आहे.

ठाणेकर_आजोबा
नेमधर यांच्याशी सहमत, फक्त वॉल्थरऐवजी फाइनवर्कबाउ. नातवाकडे ८०० आहे, ट्रिगर लोण्यासारखा. आमच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोला १० मीटरचा विश्वविजेता झाला तेव्हा इथल्या पालकांनी रांगा लावल्या होत्या. वस्तू उत्तम हवी.

कृष्णाकाठची
बजेट वाचलंत का दोघांनी? तुम्ही सांगताय त्या रायफलींची किंमत लाखांत आहे.

सातारी_बाणा
जुनी घ्या, पण हवेचा सिलिंडर बघून. मी एका ओळखीच्या माणसाकडून जर्मन रायफल घेतली, दिसायला नवी कोरी. घरी आल्यावर सिलिंडरवरची तारीख वाचली तर मुदत कधीच संपलेली. २०० बार दाबाची हवा असते त्यात, गंमत नाही. विकणारा फोनच उचलेना. या सिलिंडरवर बनवल्याचा महिना-वर्ष कोरलेलं असतं आणि कंपन्या साधारण १० वर्षांनंतर वापरू नका म्हणतात. नव्या सिलिंडरचा खर्च धरूनच जुन्या रायफलचा भाव करा.

मिडवेस्टमराठी
आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिनला. इथं नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा गन सीझन सुरू होतो. मुलगा १२ चा झाला तेव्हा त्याला .२४३ ची शिकारी रायफल घेतली, यूथ स्टॉकवाली (मुलांच्या मापाचा दस्ता). धक्का कमी, पोरं घाबरत नाहीत. बटाच्या मागं स्पेसर (चकत्या) असतात, मूल वाढलं की एकेक घालत जायचं. तुम्हीही सरळ तसलीच घ्या, एअर रायफल म्हणजे खेळणं.

वकिली_चष्मा
ते भारतात राहतात हो. इथं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद आहे, आणि शस्त्रपरवान्याला वय २१ लागतं. एअर रायफल ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंचाची आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही. पावतीवर आणि कागदावर हे दोन्ही आकडे लिहून घ्या.

भाताचं_शेत
अवांतर: शिकार बंद म्हणता, इकडे रानडुकरं रात्रीत वाफेच्या वाफे लोळवतात. परवानगीचा अर्ज घेऊन वनखात्यात हेलपाटे घालायचे, तोवर पीक गेलेलं. शेतकऱ्यानं करायचं काय?

वकिली_चष्मा
दुःख खरं आहे, पण ४.५ मिमीच्या छऱ्यानं रानडुकरावर नेम धरू नका. ते नुसतं जखमी होऊन अंगावर येतं. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

प्रोन_पोझिशन
धागा भरकटायच्या आत थोडं लिहितो, मुलांना शिकवतो म्हणून.

ब्रँडच्या आधी मुलीचा डोळा तपासा. दोन्ही हात पुढं करून अंगठे आणि बोटं जुळवून छोटा त्रिकोण करायला सांगा. त्यातून लांबची वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघू दे, मग एकेक डोळा मिटू दे. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो मुख्य डोळा. उजव्या हाताची मुलगी डाव्या डोळ्याची निघाली तर तिला सुरुवातीपासून डाव्या खांद्यावर शिकवणं मी पसंत करतो. मग उजव्या ग्रिपची रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या कामाची नाही.

मान लांब करते म्हणालात, म्हणजे बट तिच्या मापाला लांब आहे. चीकपीसही (गाल टेकवायचा भाग) जुळत नसणार. रायफल डोळ्यापाशी यायला हवी, डोक्यानं रायफलकडे जायचं नाही. क्लबच्या रायफलीचे स्पेसर काढून बघितलेत का? मिडवेस्टमराठी यांनी तेवढं एक कामाचं सांगितलं. नियमात वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे, म्हणून तेवढी जड लागते असं नाही. १२ वर्षांच्या पाठीला हलकी बरी. तोवर स्टँडवर टेकवून मारू द्या.

माझं मत विचाराल तर आत्ता काहीच घेऊ नका. वर्षात उंची वाढेल. क्लबचीच जुळवून घ्या, पैसे पेलेट (छरे) आणि प्रवासाला ठेवा. नेमबाजीचं जॅकेटही नवं शिवू नका, आखूड होईल.

ठाणेकर_आजोबा
+१. पण घ्याल तेव्हा फाइनवर्कबाउच.

गारगोटीकर
त्रिकोण करून बघितला. डावा डोळा! आम्ही इतके दिवस उजव्या खांद्यावर लावत होतो. प्रोन_पोझिशन, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

नेमधर
एलजी ४०० डावखुऱ्यांसाठीही मिळते.

गारगोटीकर
निर्णय झाला, घेतलीसुद्धा. देशी, स्प्रिंगची (हवा भरावी लागत नाही), ओपन साइट (नेमाची साधी उघडी खाच), लाकडी स्टॉक दोन्ही खांद्यांना चालणारा. बजेटच्या बऱ्याच आत. जर्मन नाही, जुनी नाही, आणि थांबलोही नाही, त्याबद्दल माफी असावी. कारण असं की हवा भरायला प्रत्येक वेळी कोल्हापूर गाठावं लागलं असतं. ही ती रोज घरी गोठ्यामागं मारू शकते, मी शेजारी उभा असतो. दुकानात तिनं स्वतः बॅरल मोडून (नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणून) बघितलं, ताकद पुरली. जिल्हा स्पर्धेत ओपन साइटचा वेगळा गट असतो, पहिल्यांदा तिथंच उतरवायचं म्हणते. बट मात्र लांब आहे, सुताराकडून इंचभर कापून घेतो.

नेमधर
दोन वर्षांत पुन्हा खर्च कराल, लिहून ठेवा.

सातारी_बाणा
कापलेला तुकडा फेकू नका. पोरगी वाढली की स्क्रूनं परत लावता येतो.

प्रोन_पोझिशन
मला पटलेलं नाही, पण रोजचा सराव होणार असेल तर हरकत कशी घेऊ. स्प्रिंगची रायफल पेलेट न घालता कधी चालवू देऊ नका, पिस्टनचं सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. चपट्या तोंडाचे पेलेट घ्या, कागदावर गोल भोक पडतं, गुण वाचता येतात. दगडी भिंतीवर थेट मारू नका, पेलेट उलटून येतं. लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या ठासून मागं जाड लोखंडी पत्रा लावा. दोघांच्या डोळ्यांना चष्मा हवाच. पेलेट शिशाचे असतात, सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय खायला देऊ नका.

गारगोटीकर
पत्रा किती मिमीचा?

भाताचं_शेत
३ चा पुरेल. भंगारात मिळेल.