एआययूकडून खेळ काढून घ्यावेत का?

आडवा_पास (चर्चा प्रस्ताव) :

भारतीय विश्वविद्यालय संघ, आपल्या तोंडी एआययू, 2025 मध्ये शंभर वर्षांचा झाला. 23 मार्च 1925 ला 'इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड' म्हणून सुरुवात, 1973 पासून आजचं नाव. सगळा कारभार कुलगुरूंचा. परदेशी पदव्यांची समकक्षता आणि परिषदा ही त्यांची ओळख, आणि त्यातल्याच एका विभागाकडे देशभरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. जागतिक विद्यापीठ स्पर्धेला भारताचा संघ नेणं हेही त्याच विभागाचं काम.

शताब्दीच्या वर्षातच ही स्पर्धा जर्मनीत ऱ्हाइन-रुहर भागात झाली, जुलैत. आपण 12 पदकं आणली : 2 सुवर्ण, 5 रौप्य, 5 कांस्य. क्रमांक विसावा. याआधी चेंगडूला (स्पर्धा 2021 ची, झाली 2023 मध्ये) 26 पदकं आणि सातवा क्रमांक होता.

पण माझा मुद्दा पदकांचा नाही, बॅडमिंटनचा आहे. संघात 12 खेळाडू निवडले, जर्मनीला नेले, आणि मॅनेजर्स मीटिंगमध्ये (संघव्यवस्थापक खेळाडूंची नावं देतात ती बैठक) नावं नीट दिली गेली नाहीत म्हणून त्यांतले 6 जण खेळूच शकले नाहीत. उरलेल्या सहांनी मिश्र सांघिक कांस्य आणलं, ते त्यांचं कर्तृत्व. बाहेर बसलेल्यांपैकी एका खेळाडूने इन्स्टाग्रामवर लिहिलं तेव्हा देशाला कळलं. मग एका अधिकाऱ्याचं निलंबन, मग चौकशी.

माझं म्हणणं सरळ आहे. पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडे खेळ ठेवूच नयेत. विद्यापीठ खेळांसाठी वेगळी, स्वायत्त, खेळाडूंना मतदानाचा हक्क असलेली संस्था हवी. बोला.

जुना_लाइन्समन :

बॅडमिंटनबद्दल दुमत नाही. पण 26 वरून 12 हा आकडा तुम्ही "माझा मुद्दा नाही" म्हणत हळूच सरकवलात, तेव्हा त्याचा आधी निकाल लावू.

चेंगडूच्या 26 पैकी 14 पदकं नेमबाजीची होती, 11 पैकी 8 सुवर्णंही तिथलीच. मनू भाकर, सिफ्त कौर सामरा, ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर ही सगळी मंडळी त्या संघात होती. जर्मनीच्या कार्यक्रमात नेमबाजी नव्हतीच. म्हणजे नेमबाजी वगळली तर चेंगडूला 12 आणि जर्मनीलाही 12. याला घसरण म्हणणाऱ्यांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघावेत.

उलट मला जर्मनीची यादी जास्त आवडली. ॲथलेटिक्समध्ये चेंगडूला चार पदकं, चारही कांस्य. इथे पाच, त्यांत तीन रौप्य : प्रवीण चित्रवेल तिहेरी उडीत, सीमा 5000 मीटरमध्ये, अंकिता ध्यानी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये. शिवाय पुरुषांच्या 4×100 रिलेत कांस्य. भारताची चार पोरं शंभर-शंभर मीटर पळून पदक आणतात, ही बातमी आपल्याकडे दोन ओळींत आली.

आणि आपली माणसं. साहिल जाधवने तिरंदाजीत, कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात, अंतिम लढतीत 149 विरुद्ध 148 ने सुवर्ण घेतलं. 15 बाणांत फक्त एक गुण सांडला. अमरावतीची मधुरा धामणगावकर तिरंदाजीच्याच महिला सांघिक कांस्यात होती. पुण्याच्या वैष्णवी आडकरला टेनिस एकेरीत कांस्य मिळालं. या स्पर्धेत भारताचं याआधीचं टेनिस पदक 1979 चं, मेक्सिको सिटीत नंदन बाळ यांचं रौप्य. तेही पुण्याचेच. पुणेकरांनी यावर पाटी लावायला हरकत नाही.

शटलवाली_आई :

लाइन्समन, तुमचा हिशोब बरोबर असेल. मी तो वाचून बाजूला ठेवला.

माझी मुलगी जिल्हास्तरावर खेळते. विद्यापीठाच्या संघात येईपर्यंत पोराची दहा-बारा वर्षं कोर्टवर गेलेली असतात आणि घरचे पैसे किती गेले ते कोणी मोजत नाही. शटलचा एक डबा किती दिवस पुरतो ते खेळणाऱ्याच्या घरी विचारा. त्यानंतर भारताचा ब्लेझर घालून विमानात बसायचं, आणि तिथे जाऊन कळायचं की कागदावर तुझं नाव नाही. आणि वयाची अट 25. पुढची स्पर्धा 2027 ला. त्या सहांमधल्या किती जणांना ती खेळता येईल?

याला "व्यवस्थापनातली त्रुटी" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. निलंबन वगैरे ठीक, ज्याचं व्हायचं त्याचं होईल. पण त्या बैठकीला खेळाडूंच्या बाजूचं कोण होतं? बैठकीतून बाहेर आल्यावर यादी संघाला दाखवली असती तर त्याच संध्याकाळी बोंब झाली असती.

आडवा_पास :

हेच म्हणतोय मी. कुलगुरूंच्या संघटनेत विद्यार्थ्याला जागाच नाही.

घंटा_झाली :

प्रस्तावाला विरोध. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

जर्मनीला जाणं हे एआययूच्या कामाचं टोक झालं. खालचं काम किती लोकांनी पाहिलंय? आंतरविद्यापीठ स्पर्धा 1940 च्या सुमारापासून चालू आहेत. देशाचे चार विभाग. आपण पश्चिमेत, सोबत गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. आधी कॉलेजं आपसांत खेळतात, मग विद्यापीठाची निवड चाचणी, मग विभाग, तिथले पहिले चार अखिल भारतीयला. यजमान कोणतं तरी विद्यापीठच असतं : वसतिगृह रिकामं करून द्यायचं, मेस लावायची, पंच बोलवायचे. कबड्डी, खो-खो, मल्लखांबापासून तलवारबाजीपर्यंत. खेड्यातल्या कॉलेजची मुलगी पहिल्यांदा राज्याबाहेर जाते ती बहुतेक वेळा या स्पर्धेसाठी. तिला यासाठी कोणत्या अकादमीची फी लागत नाही, फक्त कॉलेजचा प्रवेश लागतो. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 2020 ला भुवनेश्वरमध्ये सुरू झाल्या आणि 2025 मध्ये राजस्थानात भरल्या, तिथला प्रवेशही याच निकालांवर ठरतो. ही उतरंड मोडून नवी संस्था काढाल तर पहिली तीन वर्षं लेटरहेड छापण्यात जातील.

दुखणं आपल्या विद्यापीठांत आहे, दिल्लीतल्या एआययूत नाही. संचालकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, एकेका कॉलेजात मराठीचे किंवा भूगोलाचे प्राध्यापक 'क्रीडा प्रभारी'. प्रवेशाच्या वेळी क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतलं जातं, ते मैदानावर किती उतरतं ते अंदाजपत्रकात बघा. संघ निघायच्या आदल्या आठवड्यात मंजुरीची फाईल हलते, तोवर रेल्वेचं आरक्षण संपलेलं. चाळीस तास जनरल डब्यातून गेलेला कबड्डीचा संघ दुसऱ्या दिवशी सकाळी मॅटवर उतरतो आणि आपण विचारतो, पहिल्याच फेरीत कसे हरलात?

खिडकीजवळचं_बर्थ :

सर, तुम्ही ज्या डब्याबद्दल लिहिलंत त्या डब्यात मी बसले आहे, म्हणून लिहिते. हँडबॉल, पश्चिम विभाग.

प्रवास सहन होतो. मैत्रिणी असतात, भेळ असते, भांडणं असतात. सहन होत नाही ते परत आल्यावरचं. अंतर्गत परीक्षा बुडालेली असते. क्रीडा विभागाचं पत्र घेऊन गेलं की प्राध्यापक म्हणतात विभागप्रमुखांना भेट, ते म्हणतात परीक्षा विभागात जा. तिथे सांगतात, आता पोर्टल बंद झालं. माझा एक विषय असाच राहिला. सवलतीचे गुण मिळतात, पण ते परीक्षेला बसलेल्याला. आणि विभागात पहिल्या चारांत आलात तर लगेच पुढची स्पर्धा, म्हणजे जिंकणाऱ्याचं नुकसान दुप्पट.

तुम्ही म्हणता विद्यापीठाचा दोष. मान्य. पण एआययू म्हणजे विद्यापीठंच ना? हजारावर विद्यापीठं तिची सदस्य आहेत, कुलगुरूच तिथे बसतात. खेळाडूची परीक्षा दुसऱ्या तारखेला घेणं सक्तीचं करा, असा नियम कुलगुरूंच्या संघटनेला करता येत नसेल तर मग कोणाला येतो? क्रीडा महासंघाला तर नाहीच येणार. म्हणून मी आडवा_पास यांच्याही विरोधात आहे. खेळ एआययूकडेच हवेत, कारण परीक्षाही त्यांच्याच हातात आहेत. फक्त त्यांनी ते हात वापरावेत.

जुना_लाइन्समन :

वा. या धाग्यातला हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

सतलजचा_पाहुणा :

मूळचा नांदेडकडचा, आता नोकरीनिमित्त मोहालीत. इकडून चित्र वेगळं दिसतं.

विद्यापीठ खेळांतली सर्वांत मानाची माका ट्रॉफी (मौलाना अबुल कलाम आझाद करंडक) 2024 ची बघा : पहिलं चंदीगड विद्यापीठ, दुसरं लव्हली प्रोफेशनल, तिसरं अमृतसरचं गुरु नानक देव. तिन्ही या पट्ट्यातली. त्यांतली पहिली दोन खासगी. ती काय करतात? खेळाडूला फी माफ, राहणं-जेवण फुकट, जिम, फिजिओ, परीक्षेची तारीख त्याच्या सोयीने. हरियाणाचा मल्ल, मणिपूरची बॉक्सर, महाराष्ट्राचा तिरंदाज, जो चांगला त्याला बोलावतात. तुमच्याकडे "पोर्टल बंद झालं" सांगतात, इकडे पोर्टल खेळाडूसाठी उघडं ठेवतात. एआययू तीच, नियम तेच.

घंटा_झाली :

पाहुणे, हे खेळाडू घडवणं नाही, तयार खेळाडू गोळा करणं आहे. त्याला घडवलं गावातल्या शिक्षकाने, तालुक्याच्या क्रीडा संकुलाने. शेवटची दोन वर्षं तुमच्या जर्सीत खेळवून करंडक तुमचा, आणि जाहिरातीच्या फलकावर फोटोही तुमचा.

सतलजचा_पाहुणा :

सर, मग ती शेवटची दोन वर्षं तुमच्या विद्यापीठाने का नाही दिली? पोरगा काय हौसेने दीड हजार किलोमीटर लांब येतो? आणि गुरु नानक देव तर सरकारी विद्यापीठ आहे. त्यांनी हा करंडक इतक्या वेळा नेलाय की बाकीच्यांनी मोजणं सोडलं. पैसा नाही ही सबब मला पटत नाही.

शिट्टी :

महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे पोरं प्रमाणपत्रापुरती खेळतात, असं एक मत ऐकलंय.

खिडकीजवळचं_बर्थ :

ते मत असणाऱ्याने एकदा निवड चाचणीला यावं. मेमध्ये, दुपारी दोनला.

आडवा_पास :

तीन गोष्टी पटल्या, एक नाही.

नेमबाजीचा हिशोब पटला. एआययूला श्रेय द्यायचंच तर आणखी एक द्या : नोव्हेंबर 2024 मध्ये जागतिक विद्यापीठ नेमबाजी स्पर्धा दिल्लीतच, कर्णी सिंग रेंजवर झाली. परीक्षेचा मुद्दा पटला. पंजाबचाही पटला.

पण जर्मनीच्या बाबतीत मी हटत नाही. घरच्या स्पर्धा भरवणं आणि भारताचा संघ परदेशात नेणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्याला मैदानं आणि मेस लागते. दुसऱ्याला तो-तो खेळ कोळून प्यालेला माणूस लागतो : प्रवेशिका कधी बंद होते, सांघिक यादीत कोण घालायचं, हरकत कुठे आणि किती वेळात नोंदवायची. हे काम विद्यापीठांतून फिरतीवर आलेल्या पथकप्रमुखांकडे देऊ नये. घरच्या स्पर्धा ठेवा एआययूकडे. परदेशी संघाची निवड, प्रवेशिका आणि व्यवस्थापन त्या-त्या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाकडे द्या. बॅडमिंटन महासंघाचा माणूस त्या बैठकीत असता तर बारा नावं गेली असती.

जुना_लाइन्समन :

आपल्याकडचे महासंघ? ज्यांच्या निवडणुका कोर्टात लागतात ते? राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट 2025 मध्ये आणावा लागला तो कोणामुळे, एआययूमुळे की महासंघांमुळे? महासंघ त्यांच्या आवडीची पोरं पाठवतील आणि ती पत्रव्यवहाराने बी.ए. करत असतील. आंतरविद्यापीठात सुवर्ण घेतलेली मुलगी घरी बसेल. एआययूच्या निवडीत निदान निकाल बघतात.

शटलवाली_आई :

तुम्ही दोघं संस्था बदलत बसा. मला एवढंच हवंय : नावं देण्याआधी संघाच्या कर्णधाराची यादीवर सही. तिच्याशिवाय प्रवेशिका जाणार नाही. याला कायदा लागत नाही, स्वायत्त संस्था लागत नाही, पेन लागतं.

घंटा_झाली :

ताई, हे चालेल. पण कर्णधारासोबत राखीव खेळाडूचीही सही घ्या. कर्णधाराचं नाव यादीत असतंच, तो कशाला खाली बघेल?

आडवा_पास :

सहीला माझा विरोध नाही. पण सही न घेता यादी गेली तर पुढे काय? हरकत ऐकणार कोण, ज्यांनी यादी पाठवली तेच?