बोन्सायचा स्टँड: शिसवीच हवा, की घरी केलेलाही चालेल?

मूळ मत (संभाजीनगर)
हल्ली बोन्साय प्रदर्शनांत खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेले स्टँड दिसतात, ते पाहून वाईट वाटते. वर्षानुवर्षे सांभाळलेल्या झाडासाठी शिसवी स्टँड घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी झाड घरीच ठेवावे. स्वस्तातला स्टँड हा झाडाचा अपमान आहे.

परभणीकर
शेवटचे वाक्य वाचून सविस्तर उत्तर देणे भाग पडले. आपल्या भागात बोन्साय करणारे बहुतेक जण शिक्षक, कारकून किंवा निवृत्त लोक आहेत आणि त्यांचे वड, पिंपळ, उंबर हे विकत घेतलेले नसून पडक्या भिंतींच्या फटींतून जपून सोडवून आणलेले आहेत. झाड फुकट मिळाले म्हणून ते हलके ठरत नाही. मग स्टँडलाच किंमतीचा निकष कशासाठी? टोकियोत १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफू या बोन्साय प्रदर्शनातले स्टँड उंची लाकडाचे असतात हे मान्य, पण ते शोभतात ते झाडाशी असलेल्या मेळामुळे. कुंडीखाली लोंबणाऱ्या झाडाला उंच, अरुंद स्टँड हवा. जाड बुंध्याच्या वडाला बुटका आणि भरीव पायांचा. स्टँडचा माथा कुंडीपेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन बोटे मोठा. हे प्रमाण बाभळीच्या फळीतही साधते. शिवाय शिसवाच्या वंशातील लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, याचाही विचार आग्रह धरणाऱ्यांनी करावा.

घरचे स्टँड बिघडतात ते स्वस्त असल्यामुळे नव्हे, तर लाकडाला हालायला जागा न ठेवल्यामुळे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा फळी रुंदीत आकसते आणि श्रावणात तीच फुगते. ती स्टँडच्या चौकटीला चारही बाजूंनी चिकटवून खिळ्यांनी जखडली, की उन्हाळ्यात मधोमध उलते. त्याऐवजी चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडावी, फळीच्या कडा रंध्याने पातळ करून त्या खाचेत सरकवाव्यात आणि तिथे फेव्हिकॉलचा थेंबही लावू नये. फळी हवी तशी आकसते-फुगते आणि चौकट शाबूत राहते.

लातूरकर
सांधा कितीही चांगला असला तरी खोक्यांचे लाकूड ते खोक्यांचेच. रोजच्या पाण्याने ते काळे पडते आणि वाळवी तर त्याची वाटच पाहत असते. माझ्या मेहुण्यांच्या अशाच स्टँडचा पाय आतून पोखरला गेला, कुंडी फुटली आणि चिंचेचे जुने बोन्साय मुळांसकट उघडे पडले. स्वस्तच हवे असेल तर उतरवलेल्या वाड्यांचे सागवान घ्या. जुन्या लाकडाच्या दुकानात तुळयांचे तुकडे सहज मिळतात आणि पिढ्यान्पिढ्या मुरलेले ते लाकूड आता फारसे वाकतही नाही.

नांदेडकर
हे वाचून संताप आला. वाड्यांचे खांब, चौकटी आणि कोरीव दारे वजनावर विकत घेऊन मोठ्या शहरांत सजावटीसाठी पाठवणारे व्यापारी आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात येतात. आमच्या आजोळच्या वाड्याची चौकट अशीच गेली आणि मोबदल्यात एका लोखंडी दाराचेही पैसे आले नाहीत. आता तिचे तुकडे कुंडीखाली ठेवायचे, यालाच आपण कला म्हणायचे का?

लातूरकर
आपण ज्या वाड्यांबद्दल हळहळता, त्या घरांत राहून पाहिले आहे का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली आणि त्यांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर आमच्या भागात माळवदाखाली झोपण्याची भीतीच बसली. आमच्या घरच्यांनी वाडा उतरवला तो पैशांच्या लोभाने नव्हे. अंगणात रचलेले ते सागवान पावसात भिजत पडले होते. त्यातल्या एका तुळईचा मी स्टँड केला असेल, तर त्याबद्दल आपण मला जाब विचारू नये.

नांदेडकर
भूकंपग्रस्त कुटुंबांबद्दल मी एक अक्षरही लिहिले नव्हते. माझा रोष व्यापाऱ्यांवर आहे आणि तो कायम राहील. साध्या तुळईचा तुकडा वापरायला हरकत नाही, एवढे मान्य करतो. मात्र नक्षी असलेल्या लाकडाला करवत लावणे मला कधीही पटणार नाही.

संभाजीनगर
चर्चा वाड्यांवर गेली, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. प्रमाण आणि सांधा यांबद्दल परभणीकरांनी लिहिलेले नाकारता येत नाही आणि झाड घरीच ठेवावे हे वाक्य मी मागे घेतो. परंतु खिळ्यांची डोकी आणि खोक्यावरचे छापील शिक्के दिसणारा स्टँड प्रदर्शनात असू नये, हे मत बदलणार नाही. ज्यांच्याकडे रंधा नाही आणि सुताराला द्यायला पैसेही नाहीत, त्यांनी खाच पाडायची कशी, याचे उत्तर आपल्या सल्ल्यात नाही.

परभणीकर
त्यांनी लाकडाच्या मागे लागूच नये. फरशी बसवणाऱ्यांकडे शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे पडून असतात. पसरट कुंडीतल्या झाडांच्या समूहाला पायांचा स्टँड लागत नाही, सपाट पाया पुरतो. पॉलिश न केलेला तुकडा निवडावा, कटरने कापलेली सरळ कड छिन्नीने हलकेच तासून ओबडधोबड करावी आणि खाली रबराचे चार तुकडे चिकटवावेत, म्हणजे टेबलावर ओरखडे पडत नाहीत. पाण्याची आणि वाळवीची चिंता नाही. एकच काळजी घ्यावी: दुपारच्या उन्हात हा दगड तापतो, म्हणून त्यावर झाड फक्त प्रदर्शनापुरते ठेवावे.