मदत हवी आहे : राधानगरीजवळ तंबूत मुक्काम, आजूबाजूला काय बघावं?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात राधानगरीच्या बॅकवॉटरला तंबूत राहायला येतोय. सोबत आई आणि दोन लहान पोरं आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जास्त चढ नको.

दाजीपूरला जायचं नक्की आहे. पोरांना गवा बघायचाय. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो म्हणे, एवढंच दिवसभर चाललंय! जंगलात आत न्यायला गाडी तिथेच मिळते का? पहाटेची फेरी बरी की दुपारनंतरची? शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण मला स्वतःला बघायचंय. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे पावसाळ्यातच उघडतात हे ठाऊक आहे, पण एरवी ते लांबून तरी नीट दिसतात का?

राऊतवाडीच्या धबधब्याला डिसेंबरात पाणी असतं का? शिवगडाची वाट पोरांना झेपेल का? आई तेवढा वेळ सावलीत कुठे बसू शकेल?

पन्हाळा, ज्योतिबा झालेत, ते सोडून सांगा. आणि हो, तिथे जवळपास चुलीवरची भाकरी आणि तांबडा-पांढरा रस्सा घरगुती कुठे मिळतो, तेही कळवा. नुकतंच जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.