कम्युनिटी कॉलेज ते विद्यापीठ: दोन संस्थांमधला करार पुरेसा, की राज्याचा एकच नियम हवा?

पिंपळपान

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं गणित कागदावर सरळ आहे. पहिली दोन वर्षं तिथे, पुढची दोन विद्यापीठात, आणि पदवी विद्यापीठाची. कॅलिफोर्नियात रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला (अभ्यासाचं माप, म्हणजेच क्रेडिट) ४६ डॉलर पडतात. ६० युनिटं म्हणजे २७६० डॉलर. तेवढ्यात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एका वर्षाच्या फीचा पाव हिस्साही भागत नाही.

मग घोडं कुठे पेंड खातं? राज्याच्या लेखापरीक्षकांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१७ ते २०१९ मध्ये ट्रान्सफर घ्यायचीच असं ठरवून आलेल्या मुलांपैकी चार वर्षांत विद्यापीठात पोचली ती साधारण पाचातली एक. या मुलांना अभ्यास झेपत नाही, असं अनेक पालक धरून चालतात. खरी अडचण बहुतेकदा क्रेडिटची असते. विद्यापीठ क्रेडिट 'स्वीकारतं', पण इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून. मेजरच्या (पदवीच्या मुख्य विषयाच्या) खात्यात ते जमा होत नाही. ट्रान्सक्रिप्टवर ६० युनिटं दिसतात आणि मेजरमध्ये तीन-चार विषय पुन्हा करावे लागतात. म्हणजे एक वर्ष वाढलं, आणि तेही विद्यापीठाच्या फीने.

यावर मला पटलेला उपाय व्हर्जिनियातला आहे. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठाने २०१८ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स' सुरू केलं. विद्यार्थी सुरुवातीपासून दोन्हीकडचा धरला जातो. मेसनचं ओळखपत्र पहिल्यापासून मिळतं. कोणत्या सत्रात कोणता विषय घ्यायचा हे मेजरनिहाय लिहून दिलेलं असतं आणि असे शंभराहून अधिक मार्ग आखलेले आहेत. एकच सल्लागार दोन्ही टप्प्यांत सोबत राहतो. दोन वर्षांनी नव्याने अर्ज नाही, अर्जाची फी नाही.

कॅलिफोर्नियाच्या विधानमंडळाने २०१० पासून कायद्यांमागून कायदे केले. दोन संस्थांचे विभागप्रमुख एका टेबलाशी बसले की तेच काम जास्त नीट होतं, असं माझं मत आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

वाटाड्या

असहमत. 'अ‍ॅडव्हान्स' चांगलं आहे, पण ते चालण्यामागे भूगोल आहे. दोन्ही संस्था एकाच भागात आणि तिथल्या बहुतेक मुलांचा ओढा मेसनकडे. हेच बे एरियात आणून बघा. फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजमधलं मूल सॅन होजे स्टेट, ईस्ट बे, डेव्हिस, सांता क्रूझ आणि जमलं तर बर्कले, इतक्या ठिकाणी अर्ज करतं. अठराव्या वर्षी त्याने यातल्या कोणत्या एकाशी गाठ बांधायची?

आणि जोड्यांचा हिशोब मांडा. कम्युनिटी कॉलेजं ११६. यूसीचे पदवी शिक्षण देणारे कँपस ९. नुसत्या यूसीसाठी १०४४ जोड्या झाल्या. त्यात प्रत्येक मेजर वेगळं, आणि करार दर शैक्षणिक वर्षाचा वेगळा. कोणता विषय कुठे समकक्ष धरतात हे दाखवणाऱ्या 'असिस्ट' या संकेतस्थळावर हा डोंगर रचलेला आहेच. तिथे सगळ्यात जाचणारी ओळ म्हणजे 'समकक्ष विषय नाही'. तोच विषय शेजारच्या कॉलेजात समकक्ष असतो, तुमच्या कॉलेजात नसतो.

फ्लोरिडाने १९७१ मध्ये राज्यभराचा एकच करार केला. विषयांचे क्रमांकही सामायिक. एमएसी २३११ म्हणजे कॅल्क्युलसचा पहिला भाग, मग तो व्हॅलेन्सिया कॉलेजात घ्या नाहीतर गेन्सव्हिलच्या विद्यापीठात. तिथे मुलाला कोणाची ओळख काढत फिरावं लागत नाही.

केवडा

क्रमांक एक झाला म्हणून विषय एक होत नाही. कॅल्क्युलसचंच जवळून पाहू, कारण ट्रान्सफरची सर्वांत जास्त मोडतोड तिथेच होते.

बे एरियातलीच कम्युनिटी कॉलेजं घ्या. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीवर (छोटी सत्रं) चालतात, मिशन, वेस्ट व्हॅली, ओलोनी सेमिस्टरवर (लांब सत्रं). डी अँझात कॅल्क्युलस चार तुकड्यांत, प्रत्येकी ५ क्वार्टर युनिटांचा: १ए, १बी, १सी, १डी. तोच मजकूर सेमिस्टरच्या कॉलेजात तीन तुकड्यांत बसवलेला. आता एखाद्याने १ए आणि १बी डी अँझात केलं आणि वेळ सोयीची म्हणून पुढचा भाग मिशनमध्ये घ्यायचं ठरवलं, तर तो कुठे बसणार? सेमिस्टरचा दुसरा भाग घेतला तर समाकलनाचा बराच अभ्यास पुन्हा, तिसरा घेतला तर अनंत श्रेणी हातातून निसटलेल्या. शिवाय युनिटांचं रूपांतर: दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. ५ क्वार्टर युनिटांचे ३.३३ होतात आणि समोर ४ किंवा ५ युनिटांचा विषय मागितलेला असतो.

म्हणूनच अनेक करारांत अख्खी साखळी समोरच्या अख्ख्या साखळीला समकक्ष धरतात. अर्धी इथे आणि अर्धी तिथे चालेलच याची खात्री नसते. भौतिकशास्त्राचीही हीच गत. विभागाचे प्राध्यापक हट्टाने अडवतात अशी तक्रार असते. पण वेक्टर कॅल्क्युलस न झालेलं मूल विद्युतचुंबकत्वाच्या वर्गात बसलं तर नापास ते होणार, कायदा करणारा नाही.

वाटाड्या

ही अडचण खरी आहे. पण ती सुटायची तर राज्याच्या पातळीवरच सुटेल. कॅलिफोर्नियाचा एबी ११११ हा २०२१ चा कायदा त्यासाठीच आहे. सामायिक क्रमांकांचे पहिले सहा विषय २०२५ च्या फॉलपासून लागू झाले. इंग्रजी लेखनाला आता सगळीकडे 'सी १०००'. क्रमांक देण्याआधी राज्यभरच्या प्राध्यापकांनी त्या विषयाचा गाभा एकत्र बसून ठरवला आहे. तुम्ही म्हणता तो मजकुराचा ताळमेळ हाच, फक्त तो ११६ ठिकाणी वेगवेगळा घालायचा नाही.

केवडा

पहिले सहा कोणते ते पाहा: इंग्रजीचे दोन, वक्तृत्व, अमेरिकन शासन, मानसशास्त्राची ओळख, संख्याशास्त्राची ओळख. सामान्य शिक्षणाच्या या विषयांत मतभेद मुळात कमी होते. गळती होते ती अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि जीवशास्त्राच्या पूर्वतयारीत.

रानजाई

दोघांच्याही बोलण्यात 'हमी' हा शब्द येणारच आहे, म्हणून आधी तो सोडवून घेऊ. कॅलिफोर्नियात दोन हम्या आहेत आणि पालक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात.

पहिली, ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी, एडीटी. २०१० च्या एसबी १४४० कायद्यातून आलेली. ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिटं ठरलेल्या साच्यात पूर्ण करा, सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) व्यवस्थेत जागा नक्की आणि मिळत्याजुळत्या मेजरमध्ये आणखी ६० युनिटांत पदवी. हमी व्यवस्थेची आहे, कँपसची नाही. सॅन होजे स्टेटच्या संगणकशास्त्राला अर्जांची रीघ असते. तिथे एडीटी असूनही नकार येऊ शकतो आणि जागा दूरच्या एखाद्या कँपसमध्ये दाखवली जाते. घरून ये-जा करण्याच्या हिशोबाने कम्युनिटी कॉलेज निवडलेल्या कुटुंबाला या हमीचा उपयोग नाही.

दुसरी टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी), ही यूसीची. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहाच कँपस ती देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, तोही एकाच कँपसला. तोपर्यंत किमान ३० सेमिस्टर युनिटं झालेली हवीत. काही मेजर मुळातच वगळलेली असतात. सांता बार्बराचं अभियांत्रिकी त्यात येतं. आणि टॅग मंजूर झालं तरी यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. तो राहिला तर टॅग आपोआप गेलं.

पेच असा की या दोन हम्यांचे विषय पूर्णपणे जुळत नाहीत. सीएसयू आणि यूसी दोन्ही दारं उघडी ठेवू पाहणारं मूल ६० ऐवजी ७५-८० युनिटं करून बसतं. कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटं यूसी मोजते. त्यापुढच्या विषयांची अट पूर्ण झाली असं धरतात, युनिटं मात्र मिळत नाहीत.

सामान्य शिक्षणापुरता एक साचा २०२५ च्या फॉलपासून दोन्हीकडे चालतो, कॅल-जेटसी: ११ विषय, ३४ युनिटं. ही एबी ९२८ या कायद्याची देणगी आणि ती मोठी आहे. दोन कॉलेजांच्या खाजगी करारातून हे कधीही झालं नसतं. इथे मी वाटाड्या यांच्या बाजूची आहे.

दगडफूल

या चर्चेत एक मराठी संदर्भ उपयोगी पडेल. महाराष्ट्रात दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून मुलं थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जातात. तिथे कोणी विचारत नाही की तुमचा अमुक विषय आमच्या तमुक विषयाला समकक्ष आहे का. डिप्लोमा झाला, ४५ टक्के आहेत (राखीव गटाला ४०), केंद्रीय फेरीत नंबर लागला, की पहिलं वर्ष झालं असं धरलं जातं. अख्खा गठ्ठा एकदम स्वीकारायचा. एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) अभ्यासक्रम राज्यभर एकच असल्यामुळे हे शक्य होतं.

अमेरिकेत विषयागणिक हिशोब करण्यात जी वर्षं जातात ती गठ्ठा पद्धतीत वाचतात. राज्याचा नियम हवाच, पण तो विषयांच्या जुळणीचा नको, वर्षांच्या जुळणीचा हवा.

केवडा

गठ्ठा स्वीकारल्याची किंमत कोण भरतं हेही सांगा. डिप्लोमातून आलेल्या मुलांचं दुसऱ्या वर्षाचं गणित हमखास अडतं. लाप्लास रूपांतर आणि फूरिए श्रेणी समोर येतात, आणि त्यांच्या आधीचं आंशिक विकलन, दुहेरी समाकलन पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवलेलं असतं. डिप्लोमात त्यांना फारसा हात लागलेला नसतो. उलट कार्यशाळा, ड्रॉइंग, यंत्रं यांत हीच मुलं वर्गाच्या पुढे असतात. ब्रिज कोर्स (उणीव भरून काढणारा जादा वर्ग) ठेवला तर तो दुसऱ्या वर्षाच्या भरगच्च वेळापत्रकावर वरून लादलेला असतो.

कागदावर शून्य क्रेडिट वाया गेलं आणि मूल गणितात अडकून राहिलं, याला सुलभ बदली म्हणता येत नाही. प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे, पगारी शिक्षकांकडून, नेमकं तेवढंच गणित शिकवलं तर गठ्ठा पद्धत मला मान्य आहे.

दगडफूल

उन्हाळी वर्गाची सूचना रास्त आहे, मान्य. पण एक लक्षात घ्या. डिप्लोमाच्या मुलाला उणीव नेमकी माहीत असते: गणित. 'समकक्ष विषय नाही' हे वाचणाऱ्या मुलाला नेमकं काय कमी पडलं ते कोणी सांगत नाही.

क्रेडिट बँकेबद्दलही सांगतो, कारण भारतात प्रश्न सुटलाच असं अनेकांना वाटतं. २०२१ च्या यूजीसी नियमांनी क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं साठवता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मी मिळवावी लागतात. पण साठवलेलं क्रेडिट कोणत्या विषयाच्या जागी धरायचं हे पुन्हा पदवी देणारी संस्थाच ठरवणार.

पिंपळपान

बरोबर, आणि इथेच मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. नियम राज्याचा असो वा देशाचा, 'कशाच्या जागी धरायचं' हे शेवटी विभागच ठरवतो. विभागाला कायद्याने हो म्हणायला लावता येतं. पण समोरच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाशी दर वर्षी प्रश्नपत्रिका आणि प्रयोगांची यादी ताडून पाहण्याची सवय कायद्याने लागत नाही. ती भागीदारीतून लागते.

आकडाही बघा. अमेरिकन सरकारच्या जीएओ या लेखा संस्थेच्या २०१७ च्या अहवालात ट्रान्सफर घेणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाल्याचा अंदाज आहे. राज्यांचे नियम तेव्हाही होतेच.

वाटाड्या

तो ४३ चा आकडा जपून वापरा. त्यात सगळ्या प्रकारच्या बदल्या आहेत. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलंसुद्धा. सरकारी कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांची परिस्थिती त्याहून बरी आहे.

भागीदारीला माझा विरोध नाही. ती नियमाच्या जागी नको, नियमाच्या वर हवी. करार ऐच्छिक असला की विद्यापीठ आपल्याला हवी ती कॉलेजं निवडतं, आणि ती बहुधा सुस्थितीतल्या उपनगरांतली असतात. सेंट्रल व्हॅलीतल्या लहान कॉलेजात अभियांत्रिकीच्या स्टॅटिक्सला आठ मुलं येतात, वर्ग रद्द होतो आणि साखळी तुटते. त्या कॉलेजाशी आपणहून करार कोण करणार? तिथे राज्यानेच तो विषय ऑनलाइन, दुसऱ्या कॉलेजातून, त्याच ४६ डॉलरमध्ये मिळवून द्यायला हवा.

आणि दोन्हीकडे सोबत राहणाऱ्या सल्लागाराचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकातून? तो अनुदानातून असेल तर अनुदान संपलं की पहिली कात्री त्या जागेला लागते. नंतर उरतं ते फक्त ओळखपत्र.

पिंपळपान

सल्लागाराच्या पगाराचा मुद्दा मान्य. तो दोन्ही संस्थांच्या कायमच्या अंदाजपत्रकात हवा. लहान कॉलेजांबद्दलही तुमचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग राज्याने एवढं सक्तीचं करावं: कोणत्या विभागाने कोणत्या कॉलेजाचा कोणता विषय मेजरमध्ये धरला नाही आणि का, हे दर वर्षी विषयवार जाहीर करायचं. दगडफूल म्हणतात ती उणीव तेव्हा निदान लिहून तरी मिळेल, आणि पुढचा करार कुठे करायचा तेही दिसेल.

रानजाई

याला माझा पूर्ण पाठिंबा. तोवर ज्यांची मुलं आत्ता या रांगेत आहेत त्यांच्यासाठी: 'असिस्ट'वरचा करार ज्या वर्षी विषय घेतला त्या वर्षाचा पाहायचा आणि त्याची प्रत उतरवून ठेवायची. पुढच्या वर्षी तीच ओळ बदललेली असू शकते. विषयाची रूपरेषा, आठवडावार वेळापत्रकासकट, सत्र संपण्याआधी साठवा. विभागाकडे अपील करताना तीच मागतात. आणि कॅल-जेटसी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कॉलेज आपणहून पाठवत नाही. शेवटच्या सत्रात ट्रान्सक्रिप्टच्या मागणीबरोबर ते वेगळं मागावं लागतं. ते गेलं नाही तर विद्यापीठ आपले सामान्य शिक्षणाचे विषय नव्याने करायला सांगू शकतं, ११ विषय झालेले असले तरी.